तळहाताची खुर्ची : पेद्रो फ्रीडेबर्ग यांची कल्पना कोकणातल्या फणसात उतरवताना

१९६२ च्या सुमारास मेक्सिको सिटीत होसे गोन्सालेस नावाच्या एका सुताराच्या हाताला काम नव्हते. त्याला नेहमी काम देणारे शिल्पकार आणि वास्तुरचनाकार माथियास गोएरित्स प्रवासाला निघाले होते, आणि आपल्या माघारी या माणसाला काहीतरी करायला द्यावे, असे त्यांनी आपल्या एका जुन्या विद्यार्थ्याला सांगितले. त्या विद्यार्थ्याने, म्हणजे पेद्रो फ्रीडेबर्ग यांनी, त्याच्याकडून महोगनी लाकडात एक हात कोरून घेतला, आणि तो एवढा मोठा की तळहातावर माणूस बसावा, चार बोटांना त्याची पाठ टेकावी आणि अंगठ्यावर त्याचे कोपर विसावावे. हीच खुर्ची पुढे फ्रीडेबर्ग यांची ओळख बनली. तिच्या कितीतरी आवृत्त्या निघाल्या, काहींना सोन्याचा वर्ख लागला, काही मनगटाऐवजी पावलावर उभ्या राहिल्या. एका रिकाम्या बसलेल्या सुतारासाठी काढलेले हे काम होते, ही गोष्ट मात्र बहुतेकांच्या लक्षातून निसटते, आणि अशी खुर्ची स्वतः करू पाहणाऱ्याने तीच आधी लक्षात घ्यायला हवी.

येथे सांगितलेली रीत तशाच खुर्चीची आहे, मात्र लाकूड फणसाचे, हवा कोकणातली आणि मनगटातली काकणे सावंतवाडीच्या पद्धतीची. ती फ्रीडेबर्ग यांच्या खुर्चीची नक्कल नाही आणि तिला त्यांचे नाव देऊन विकणे तर मुळीच योग्य नाही. त्यांची विचार करण्याची पद्धत समजून घेऊन आपल्या ओटीवर शोभेल असा एक हात कसा करावा, एवढाच येथे प्रश्न आहे.

त्या पद्धतीसाठी त्यांच्या आयुष्यातल्या दोन-तीन गोष्टी पुरतात. ११ जानेवारी १९३६ रोजी इटलीतील फ्लोरेन्स येथे, जर्मन ज्यू आईवडिलांच्या पोटी त्यांचा जन्म झाला, आणि युरोपवर युद्धाचे सावट असताना वयाच्या तिसऱ्या वर्षी ते मेक्सिकोत आले. पुढे इबेरोअमेरिकाना विद्यापीठात ते वास्तुकला शिकू लागले. ज्या काळात इमारत म्हणजे सरळ रेषा, काच आणि उपयोग असे शिकवले जात होते त्या काळात हा विद्यार्थी नक्षीने खचाखच भरलेल्या, कोणाच्याही उपयोगाच्या नसलेल्या इमारती पट्टी लावून, शाईने, अत्यंत काटेकोरपणे रेखाटत होता. पदवी पूर्ण झाली नाही. तू चित्रकार हो, असे प्रोत्साहन देणाऱ्यांत गोएरित्स होते. युरोपातून येऊन मेक्सिकोत स्थायिक झालेल्या रेमेदिओस वारो आणि लिओनोरा कॅरिंग्टन या अतिवास्तववादी, म्हणजे स्वप्नातल्यासारख्या प्रतिमा रंगवणाऱ्या चित्रकर्तींशी त्यांची मैत्री झाली. १९६१ मध्ये गोएरित्स यांच्या पुढाकाराने ‘लोस आर्तोस’ म्हणजे ‘वैतागलेले’ या नावाने एकत्र आलेल्या कलावंतांमध्येही ते होते. त्यांच्या चित्रांत बुद्धिबळाच्या पटासारख्या फरशा, ॲझ्टेक चिन्हे, कॅथलिक संत आणि हिंदू देवता एकाच दालनात नांदतात, परंतु त्यातली एकही रेषा थरथरलेली नसते.

अतिवास्तववाद म्हणजे वाटेल ते विचित्र करणे, असा आपल्याकडे एक समज आहे आणि तो मला फार त्रासदायक वाटतो. या पंथातल्या कलावंत मेरेट ओपेनहाइम यांनी १९३६ मध्ये कपबशीला केसाळ कातडे चढवले आणि १९३९ मध्ये टेबलाला पक्ष्याचे पाय लावले. चित्रकार साल्वादोर दाली यांनी कलासंग्राहक एडवर्ड जेम्स यांच्यासाठी ओठांच्या आकाराचा सोफा योजला. यातल्या कपातून चहा पिता येत नाही, पण टेबलावर वस्तू राहतात आणि सोफ्यावर बसता येते. फ्रीडेबर्ग यांची खुर्ची या दुसऱ्या जातीची आहे, कारण वस्तूचा उपयोग कायम ठेवून तिचे रूप मात्र भलत्याच ठिकाणाहून आणलेले आहे आणि ते रूप इतके नेटके घडवले आहे की त्यावर शंका घ्यायला जागा राहत नाही. आपल्याला हे परके वाटण्याचे कारण नाही. दशावतारात रंगमंचावर एक लाकडी बाकडे असते आणि तेच क्षणात राजाचे सिंहासन होते. घरातली खवणी लावलेली विळी पाहा, बसण्याची फळी आणि पुढे दात असलेली जीभ, असे ते चमत्कारिक जनावर आपण पिढ्यान्‌पिढ्या स्वयंपाकघरात पाळत आलो आहोत.

आधी हात, मग लाकूड

खुर्चीचे रेखाटन कागदावर सुरू करू नये. ते मातीत सुरू करावे. गावातल्या गणपतीच्या शाळेत जाऊन मूर्तिकाराला खोलगट तळव्याचा हात वीतभर आकारात करून देण्याची विनंती करावी, मात्र ती आषाढ-श्रावणात करू नये, कारण त्या दिवसांत त्याला जेवायलाही सवड नसते. दिवाळीनंतर तो निवांत असतो. अभयमुद्रेतला हात शेकडो वेळा घडवलेल्या माणसाला बोटांची पेरे कुठे वळतात, अंगठ्याचा उंचवटा किती फुगतो आणि करंगळी बाकीच्यांपासून किती दूर सरते, हे डोळे मिटूनही माहीत असते, आणि ही माहिती कोणत्याही छायाचित्रापेक्षा अधिक उपयोगी पडते.

हात उजवा करायचा की डावा, हे याच वेळी ठरवावे. आपला उजवा तळहात आपल्याकडे न वळवता समोरच्या दिशेला करून, बोटे वर करून पाहावे: अंगठा डावीकडे येतो. खुर्ची ज्या दिशेला तोंड करते त्याच दिशेला बसणारा तोंड करतो, म्हणून उजव्या हाताच्या खुर्चीत अंगठ्याचा टेका डाव्या बाजूला मिळतो आणि उजवे कोपर टेकायचे असेल तर डावा हात करावा लागतो. ही साधी गोष्ट मातीच्या वेळी सुटली की ती खुर्ची पूर्ण झाल्यावरच ध्यानात येते.

मापांसाठी स्वतःचा हात पुरतो. माझा तळवा सव्वातीन इंच रुंद आहे आणि सुखाने बसण्यासाठी १९ इंच रुंदीची बैठक लागते, म्हणजे खुर्ची हाताच्या साधारण पावणेसहा पट होते. या हिशेबाने तळव्याची लांबी २४ इंच येते आणि मधले बोट साडेअठरा इंच. बैठकीला मात्र १७ इंचच खोली हवी, मग उरलेल्या ७ इंचांचे काय करायचे? येथेच या आकृतीचे शहाणपण आहे. ते ७ इंच मागे वर वळवायचे, म्हणजे तळवाच कमरेला टेका देतो आणि बोटे त्याच्या वरून सुरू होतात. बोटे थेट बैठकीतून उगवली की खुर्ची हातासारखी न दिसता काट्याच्या चमच्यासारखी दिसते, आणि कंबरही अवघडते. बैठकीची पुढची कड जमिनीपासून १६ इंच असावी, तिची मागची बाजू दीड इंचाने खोल जावी आणि बोटांचा कल उभ्या रेषेपासून १२ ते १५ अंश मागे असावा.

हा मागचा कल धोक्याचा आहे. माणूस पाठ टेकतो तेव्हा त्याचा भार मागे सरकतो आणि मनगटासारख्या बारीक खांबावर उभी असलेली खुर्ची उलटू शकते. म्हणून खालची बैठी पाटासारखी फळी किमान २० इंच लांब-रुंद आणि ३ इंच जाड घ्यावी, आणि ती मनगटाच्या बरोबर मध्यावर न बसवता ३ इंच मागे सरकवावी. मातीच्या नमुन्यात शरीरशास्त्राला येथे थोडे फसवावे लागते, कारण खरे मनगट तळव्याच्या टोकाला असते आणि आपल्याला ते त्याच्या पोटाखाली हवे असते. पाहणाऱ्याच्या ते लक्षात येत नाही.

फणस

महोगनी आपल्याकडे सहज मिळत नाही आणि तिची आवश्यकताही नाही. साग कोरायला उत्तम, परंतु एवढ्या जाडीचा घेणे म्हणजे खिशाला भगदाड. शिवण हलकी आणि मऊ असल्याने पहिल्यांदाच पटाशी धरणाऱ्याला सोपी जाते. आंब्याच्या लाकडाला भुंगा लवकर लागतो, तेव्हा ते नकोच. या सगळ्यांत मी फणस निवडला, कारण त्याच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही, तो पटाशीखाली स्वच्छ निघतो, आणि ताजा असताना हळदीसारखा पिवळा दिसणारा हा गाभा वर्षागणिक गडद होत जुन्या देव्हाऱ्याच्या तपकिरी रंगावर येतो. कातडीच्या रंगाचा हात हवा असेल तर तो रंगवावा लागत नाही; थांबावे लागते.

लाकूड मिळवण्याचा उत्तम मार्ग म्हणजे मोडलेल्या घराचे खांब आणि तुळया. दुसरा मार्ग म्हणजे वादळात पडलेली झाडे: जून २०२० मधील निसर्ग आणि मे २०२१ मधील तौक्ते या चक्रीवादळांनी किनाऱ्यावरची असंख्य झाडे आडवी केली, आणि त्यांचे ओंडके अनेकांच्या मागीलदारी पडून राहिले. उभा फणस तोडण्याचा विचार असेल, तर १९६४ च्या वृक्षतोड विनियमन कायद्याच्या यादीत फणस, आंबा आणि साग आहेत आणि स्वतःच्या जमिनीतले झाड असले तरी आधी परवानगी घ्यावी लागते, हे विसरू नये. नवे लाकूड इंचभर जाडीला साधारण एक वर्ष या हिशेबाने सावलीत, खाली पट्ट्या घालून, हवा खेळती ठेवून वाळवावे. जुन्या तुळईत खिळे असतात. करवत लावण्यापूर्वी ते शोधून काढावेत.

माझी पहिली खुर्ची मी एका अखंड ओंडक्यातून कोरली होती, कारण एकाच लाकडातून हात उमलताना पाहण्याचा मोह मला आवरला नाही. उन्हाळ्यात झाडाच्या मधल्या नाळेपासून एक भेग निघाली आणि ती तळव्यातून चालत तर्जनीच्या बुडापर्यंत गेली. करंगळी त्यानंतरच्या शिमग्यात तुटली, कारण एका पाहुण्यांनी उठताना तिच्यावर भार दिला. दोष त्यांचा नव्हता. त्या बोटातले लाकडाचे तंतू आडवे होते.

म्हणून ओंडका नको. दोन-दोन इंचांच्या फळ्या, मधली नाळ काढून टाकलेल्या, एकमेकींवर चिकटवून तळव्याचा ठोकळा तयार करावा आणि त्यातील तंतू पुढून मागे जातील असे पाहावे. पाचही बोटे स्वतंत्र तुकड्यांची करावीत आणि प्रत्येक बोटात तंतू बुडापासून नखाकडे धावत असावेत. या एका नियमावर खुर्चीचे आयुष्य अवलंबून आहे. सरस पाण्यात न सुटणारा घ्यावा आणि चिकटवण्याचे काम नोव्हेंबर ते मे या महिन्यांतच करावे, कारण पावसाळ्यात फुगलेल्या फळ्या चिकटवल्या की पुढच्या उन्हाळ्यात त्या आकसून सांधे उघडतात.

सुताराचे काम

आता सुताराला बोलवावे. फ्रीडेबर्ग यांनी स्वतः खुर्ची कोरली नाही, याचा कमीपणा मानण्याचे कारण नाही. ज्याला रेषा येते त्याने रेषा काढावी आणि ज्याला लाकूड कळते त्याने लाकूड हाताळावे. मात्र दोघांनी एकाच वेळी समोर उभे राहावे. नमुना सुताराच्या हाती देऊन आठ दिवसांनी तयार माल पाहायला जाणे, हा खुर्ची बिघडवण्याचा खात्रीचा उपाय आहे.

बोटे तळव्याला कुसूने, म्हणजे बोटाच्या बुडाशी काढलेल्या आणि तळव्यातल्या खाचेत बसणाऱ्या जिभेने जोडावीत. बोट साडेतीन इंच जाड असेल, तर कुसू त्याच्या एकतृतीयांश, म्हणजे सव्वा इंचाच्या आत-बाहेर जाड आणि किमान ३ इंच खोल असावे, आणि सरसाबरोबर आडवी लाकडी मेखही ठोकावी. लोखंडी खिळा किंवा स्क्रू खाऱ्या हवेत गंजतो आणि त्याचा काळा डाग फणसात कायमचा उतरतो. मनगट ८ इंच व्यासाचे, उभ्या तंतूंचे असावे. त्याचे वरचे कुसू तळव्यात बसते आणि खालचे पाटातून आरपार जाऊन खालून पाचरीने घट्ट होते. ही पाचर आत्ताच ठोकू नये. कारण पुढे येईल.

सांधे सुकल्यावर आधी वाकसाने, म्हणजे आडव्या पात्याच्या तासणीने, मोठे ढलपे काढावेत, मग खोलगट पटाशीने तळव्याची वाटी उतरवावी, आणि शेवटी मरफा कानशीने, म्हणजे लाकडासाठीच्या खरबरीत कानशीने, पेरे गोल करावीत. कोरताना मातीचा नमुना शेजारी ठेवून दर तासाला दहा पावले मागे जाऊन पाहावे. नखे, सुरकुत्या, रेषा यांना हात लावण्यापूर्वी घरातल्या सर्वांत उंच आणि सर्वांत बुटक्या माणसाला खुर्चीत बसवावे. बोटांमधली फट पाठीला टोचते का, अंगठा कोपरापेक्षा वर येतो का, हे तेव्हाच कळते. अंगठ्याचा माथा बैठकीपासून आठ-नऊ इंचांवर असला तर तो बहुतेकांना सोयीचा पडतो.

त्यानंतर हस्तरेषा. त्या कोणाच्या काढाव्यात, यावर मी बराच विचार केला आणि शेवटी खुर्ची घडवणाऱ्या सुताराचाच तळहात शाईने कागदावर उमटवून घेतला. त्याच्या अंगठ्याच्या बुडाशी पटाशीने झालेल्या जुन्या जखमेचा वणही मी सोडला नाही. होसे गोन्सालेस यांच्या हातावर कोणत्या रेषा होत्या हे कोणी टिपून ठेवले नसेल, निदान येथे तरी तसे होऊ नये, एवढाच हेतू. रेषा एक अष्टमांश इंचापेक्षा खोल नसाव्यात, नाहीतर त्यांत धूळ साठते. येणाऱ्या पाहुण्यांपैकी एखादे ज्योतिषप्रेमी गृहस्थ खुर्चीची आयुष्यरेषा पाहून भाष्य करतात. त्यांना करू द्यावे.

येथे एक अडचण सांगितली पाहिजे, कारण ती प्रत्येक मराठी घरात उभी राहते. सकाळी उठल्यावर तळहात पाहून म्हणायच्या श्लोकात बोटांच्या अग्रावर लक्ष्मी, मध्ये सरस्वती आणि मुळाशी गोविंद असतो. माझ्या आत्याने खुर्ची पाहिली, कौतुक केले आणि सरस्वतीवर बसायचे का, असे विचारून ती झोपाळ्यावर जाऊन बसली. तिला पटवण्याचा प्रयत्न मी केला नाही. ज्या घरात ही भावना तीव्र असेल तेथे बैठक साध्या चौकोनी फळीची किंवा वेताने विणलेली करावी आणि हात केवळ पाठीला उभा ठेवावा. खुर्ची तरीही चांगली दिसते. फ्रीडेबर्ग यांच्या चित्रांत सर्व धर्मांची चिन्हे मोकळेपणाने येत असली, तरी बसण्याच्या जागेवर ओम, स्वस्तिक किंवा कोणतेही पूज्य चिन्ह आपण कोरू नये.

काकणे आणि झिलई

सावंतवाडीच्या लाखकामाची रीत अशी की लाकूड चरकावर फिरत असताना रंगीत लाखेची कांडी त्याला टेकवतात, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि पृष्ठभागावर एकसारखी पसरते. त्यामुळे लाख गोल वस्तूवरच अशी चढते. कोरलेल्या बोटांवर ती या रीतीने लावता येत नाही. हीच मर्यादा मी कामाला लावली. शिवणीच्या लाकडाची तीन कडी चरकावर उतरवून घेतली, त्यांवर हिरवी लाख चढवून घेतली आणि ती काकणे म्हणून खुर्चीच्या मनगटात घातली. हिरव्या काकणांचा एवढा मोठा हात ओटीवर पाहून लोक आधी हसतात आणि नंतर जवळ येऊन काकणे फिरवून पाहतात. कड्याचा आतला व्यास मनगटापेक्षा अर्धा इंच अधिक ठेवावा. ती मनगट पाटात बसवण्यापूर्वीच ओवावी लागतात, आणि पाचर शेवटपर्यंत ठोकू नये असे वर सांगितले ते यासाठीच. मी ते विसरलो होतो आणि ठोकलेली पाचर पोखरून काढण्यात एक अख्खा दिवस गेला.

बाकीच्या पृष्ठभागाला आधी ८०, मग १२०, मग २२० नंबरचा पॉलिश पेपर तंतूंच्या दिशेने फिरवावा आणि अळशीचे तेल पातळ हाताने, दोन-दोन दिवसांच्या अंतराने तीन वेळा लावून कोरड्या फडक्याने पुसावे. तेलाने भिजलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. ती आपोआप पेट घेऊ शकतात, म्हणून पसरून वाळवावीत. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून केलेले पॉलिश अधिक चकाकते, परंतु दमट हवेत लावले तर त्यावर पांढरी छटा धरते, तेव्हा ते कोरड्या दिवसांतच करावे. सोन्याच्या वर्खाचा विचार मी सोडून दिला. पाटाच्या खालच्या, जमिनीला टेकणाऱ्या बाजूला मात्र काजूच्या टरफलांचे तेल लावावे, होड्यांच्या लाकडाला लावत आले आहेत तेच. वाळवी त्याच्या वाटेला जात नाही. ते कातडीला भाजते, म्हणून हातमोजे घालावेत आणि ते वरच्या बाजूला कुठेही लागू देऊ नये.

तयार खुर्ची सुमारे चाळीस किलो भरते, त्यामुळे तिची जागा एकदाच ठरवावी. पडवीच्या कडेला, जिथे पावसाचे तुषार येतात, तिथे ती ठेवू नये आणि थेट उन्हातही ठेवू नये. पहिल्या पावसाळ्यात लाकूड फुगून काकणे मनगटाला घट्ट बसून फिरेनाशीही होऊ शकतील. त्या वेळी कानस घेऊन मनगट घासायला कोणी बसू नये. दिवाळीपर्यंत थांबावे, हवा कोरडी झाली की ती पुन्हा सैल होतात.